शेपटीतले सैल रिवेट

कुइबिशेव्ह, नोव्हेंबर १९४३

माझ्या लाडक्या आईस, तुझ्या ग्लाशाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. पाव पोटापुरता मिळतो, बराकीत शेगडी आहे. तुझा खोकला कमी झाला का? घर जर्मनांनी जाळलं, मग आता राहतेस कुठे?

हे पत्र टपालात न टाकता गावाकडे निघालेल्या फ्रोस्यामावशीच्या हाती देतेय. वाचून चुलीत घाल.

आमच्या विमान कारखान्यात पाडलेलं एक जर्मन विमान उघडून बघायला आणलं. मी बारीक म्हणून शेपटीत मला शिरवलं. आत पत्रे जोडणाऱ्या रिवेटांची एक ओळ नुसती बसवलेली होती, ठोकलीच नव्हती.

“घाईत राहिली असेल,” मी म्हणाले.

“अख्खी ओळ?” माझी जोडीदारीण झोया म्हणाली. “कुणीतरी मुद्दाम केलंय, बाई. तिकडे जर्मनांच्या कारखान्यांत आपल्याच मुली जुंपल्यात ना कामाला?”

आई, मला आपली धाकटी न्युरा आठवली. जर्मनांनी गावातून ओढून नेली तेव्हा ती किती ओरडत होती, तूच लिहिलं होतंस. ही तीच असेल असं नाही. पण जी कुणी असेल, ती तेव्हा जिवंत होती आणि त्यांना नमली नव्हती.

देवाचं नाव इथे कुणी काढत नाही. तरी मी रोज एवढंच मागते, की तिचं काम तपासणाऱ्याची नजर चुकू दे.

तुझीच,
ग्लाशा