पूर्वेच्या काचेबद्दल

मी, शिगेनोरी कुवाहारा, वय अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय नव्या घरांची छायाचित्रे काढणे, राहणार ओनोमिची, हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मन नाही, पण कायदा ते विचारत नाही.

१. माझे कॅमेरे, उजेड येईपर्यंत गप्प बसून राहायची ज्याची तयारी असेल त्यालाच द्यावेत. 'नव्या घरात माणसाचा मागमूस दिसता कामा नये' असे मला जन्मभर बजावणाऱ्या संपादकांना काहीही देऊ नये.

२. हे घर माझी एकुलती एक मुलगी चिहारु हिने आखले. पूर्वेला जमिनीलगत एकच लांब काच ठेवली. म्हणाली, "बाबा, जन्मभर परक्यांच्या घरातला उजेड टिपलात. आता हा तुमचा." काच बसली त्या दिवशी तिने आतून तळवा टेकवून गारवा पाहिला. घर पुरे व्हायच्या आत ती आजारपणात गेली.

हिवाळ्यात सकाळचे ऊन तिरपे आले की काचेवर तिची पाच बोटे उमटत. मी त्यांच्या शेजारी बसून चहा घेई. कुणाला सांगितले नाही. फोटोही काढला नाही. हात घरातच होता, फोटो कशाला हवा होता?

३. जावई रेन्जी ओकुमुरा वर्षअखेरच्या साफसफाईला आला आणि त्याने ती काच पुसली. "बाबा, बघा कशी लख्ख झालीये! तिला आवडली असती." तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. तो मात्र दर वर्षी बादली घेऊन येतो, आणि आधी तीच काच पुसतो.

४. घर रेन्जीला द्यावे. त्याने पुन्हा लग्न करावे. मुले झाली तर त्यांनी पूर्वेच्या काचेला खुशाल हात लावावेत, ते ठसे कुणी पुसू नयेत. रेन्जी, तुझा दोष नव्हता. तुला ठाऊकच नव्हते. मला राग धरायला कुणीतरी हवे होते, आणि तूच तेवढा उरला होतास.

कायद्याला साक्षीदार लागत नाही, तरी शेजारच्या तोफूवाल्या मासुदाबाईंनी वाचून सही केली आहे. वर म्हणाल्या, "अहो, परवा येतोय ना तो बादली घेऊन? मग मेल्यावर कसलं सांगताय? तेव्हाच सांगा की!"

परवा सांगायचे ठरवले आहे. सांगता आले, तर हा कागद फाडून दुसरा लिहीन. रेन्जी, हा तुझ्या हाती पडला असेल, तर मला जमले नाही असे समज.

साक्षीदार: किनुयो मासुदा (सही)
शिगेनोरी कुवाहारा (सही व शिक्का)
ओनोमिची, २६ डिसेंबर २०२४