आत्याच्या गाडीचा प्लग

धाकट्या,

सकाळी माझी मोटारसायकल सुरू होईना, म्हणून प्लग काढून पाहिला. काळाकुट्ट, तेलाने चिकट, तेल खाणाऱ्या इंजिनात होतो तसा. माझं इंजिन तेल खात नाही, हे तुलाही ठाऊक आहे. हा प्लग तू परवा आत्याला विकलेल्या गाडीचा. माझा चांगला, बिस्किटाच्या रंगाचा प्लग तू तिच्या गाडीत बसवलास, मग माझ्यासमोर काढून विचारलंस, "बघा बाबा, इंजिन कसं आहे?" मी आत्याला म्हणालो, "डोळे झाकून घे." तिने घेतली ती माझ्या शब्दावर.

परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तू माझ्याच तोंडून माझ्या बहिणीला फसवलंस.

माझ्या गाडीला नवा प्लग घातलाय. आत्याला खरं काय ते सांगतो, माझी गाडी तिच्याकडे ठेवतो आणि तिची घेऊन येतो. तोवर तिच्या इंजिनातल्या झिजलेल्या पिस्टनच्या रिंगा बदलायचं सामान काढून ठेव. ते काम होईपर्यंत गाड्यांचं दुकान उघडू नकोस.

सूनबाईला यातलं काही बोललो नाही. तिला अजून वाटतं, तू माझ्यावर गेलास.

बाबा