रविवारची हजेरी

अब्बा, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, कदाचित म्हणूनच हे मराठीत लिहितेय. भाईजानला स्फोटाच्या संशयावरून उचललं आणि दोन महिन्यांनी सोडलं. खटला भरण्याइतका पुरावा नव्हता. पण हमीपत्र लिहून घेतलं: परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही, दर रविवारी ठाण्यात हजेरी. तुम्ही त्याला एकट्याला कधीच जाऊ दिलं नाहीत. उस्मानपुऱ्यातलं रिक्षाच्या सीटा शिवायचं दुकान बंद ठेवून त्याला स्कूटरवर न्यायचात, येताना दोघं नान-खलिया खाऊन यायचात. माझा वाटा डब्यात यायचा, गार. मी घरातली पहिली पदवी घेत होते, हक्क आणि न्यायावर तावातावानं बोलत होते, आणि आतून जळत होते. ज्याच्यावर सरकारचा संशय, त्याला अख्खा बाप. मला गार खलिया.

पदवीचा समारंभही रविवारीच आला. हजेरी चुकली तर पोराला पुन्हा नेतील, म्हणालात. मी एकटीच जाऊन आले. संध्याकाळी तुम्ही पेटीतून तो ठाण्याचा कागद काढून माझ्यापुढे धरला. “बेटा, अब तू ग्रॅज्युएट है. पढके बता, कब तक जाना है?”

“ज्याच्यासोबत जाता, त्याच्याकडूनच वाचून घ्या,” मी म्हणाले. भाईजान उर्दू शाळेतून सातवीत निघालेला, ठाण्याचं मराठी त्यालाही वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं. तुम्ही कागदाची घडी केलीत. पुन्हा कधी विचारलं नाहीत.

तुम्ही हे जग सोडून गेल्यावर तो कागद मला पेटीत सापडला. मुदत एका वर्षाची. माझ्या पदवीच्या आधीच संपलेली. पुढं दोन वर्षं तुम्ही जात राहिलात, छातीत दुखत असतानाही. हवालदार म्हणे थट्टा करायचा, “चाचा, पोराच्या आधी तुमचीच सही घेतो.” मुदतीचं कुणी बोललं नाही. मी दुसऱ्याच दिवशी ठाण्यात कागद दाखवला, हजेरी थांबली. भाईजानला सांगितलं, मुदत आत्ताच संपली.

“अब्बा रहते तो कित्ते खुश होते,” तो म्हणाला.

याला नऊ वर्षं झाली. आता मी वकील आहे. अशा माणसांचे कागद वाचते, आधी मुदत बघते. भाईजानला खरं अजून सांगितलेलं नाही. आणि तुम्हालाही एक सांगायचं राहिलं. पेटीपुढं बसून ती तारीख वाचली, तेव्हा पश्चात्ताप नंतर आला. आधी वाटलं ते इतकंच, की ते जास्तीचे रविवारसुद्धा त्यालाच मिळाले.