जिताड्याच्या खवल्यांवर वाढलेलं लिव्हर

शुक्रवार, संध्याकाळ

जगल्या! जिताड्याच्या खवल्यांपासून केलेल्या जाळीवर, स्टेम सेलपासून वाढवलेल्या लिव्हरच्या पेशी आठवडा झाला तरी जिवंत आहेत. मागच्या खेपेला सगळ्या मेल्या. डोकं धरून बसले, चूक सापडेना. शेवटी खवले देणाऱ्या आईलाच विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या अंधेरीच्या लॅबमध्ये वास नको, म्हणून हळद-मीठ चोळून दिले गो." कोळणीचा हात तो! किती ओरडले मी तिला. पण आधी सांगायला मीच विसरले होते ना?

आज ती बाजारातून आल्या आल्या फोटो दाखवला. मनगटाला तिच्या एक खवला चिकटलेला.

"याने माणूस बरा होईल?"

"लगेच नाही. बरीच वर्षं लागतील."

बाबांच्या तसबिरीकडे बघत राहिली. लिव्हरनेच गेले ते. मग एकदम, "जिवंत आहेत तर खातात काय?"

"पोषणाचं पाणी असतं. दर दोन दिवसांनी बदलायचं."

"म्हणजे परवा, रविवारी?"

रविवारी लॅबला निघाले की तिचं तोंड वाकडं होतं, म्हणून नुसती मान हलवली.

मनगटावरचा तो खवला नखाने काढत म्हणाली, "जा मग. उपाशी ठेवू नकोस त्यांना."