दादाच्या खोलीतली पावलं

प्रिय ठमे,

दादाचा मोठा सबवूफर जळला, हे आईनं तुला सांगितलंच असेल. रडत रडत सांगितलं असणार, म्हणून मी पुन्हा सांगते. ती अजूनही कामं आटोपली की त्याच्या खोलीत जाते, त्याचं ते शेवटचं रेकॉर्डिंग लावते आणि पलंगाच्या कडेला बसून राहते. तो कार्यक्रमाला म्हणून गाडीनं निघाला आणि परत आलाच नाही, त्याच्या आदल्या संध्याकाळी एकटाच बसून बेस गिटारवर वाजवलेलं. गेल्या आठवड्यात ते चालू असताना जळका वास आला, सबवूफर एकदा घुरघुरला आणि मुका झाला. आई धावत माझ्या वर्कशॉपमध्ये आली, पायात चप्पलही नव्हती. "अगं, त्याचा आवाज गेला," म्हणाली. मला क्षणभर कळेना, कुणाचा.

खरं तर इतकी वर्षं ते सगळं टिकलं कसं, याचंच मला नवल. दादानं भिंतीवर लावलेले दोन भोंग्यांचे स्पीकर थोड्यावर खूश होणारे. एक वॅट दिला की घर डोक्यावर घेतात. खर्ज वाजवणारा हा सबवूफर मात्र त्यानं स्वतः बनवला, जड, बंद पेटीचा आणि अस्सल खादाड. तेवढ्याच एका वॅटवर तो भोंग्यांपेक्षा बारा डेसिबल हळू बोलतो. दर तीन डेसिबलला पॉवर दुप्पट लागते, म्हणजे त्यांच्या बरोबरीनं बोलायला याला सोळा पट. आणि दोघांना वाढणारा अँप्लिफायर एकच, तोही लहानखुरा. बेस ऐकू यावा म्हणून आई आवाज वाढवायची, अँप्लिफायरला धाप लागायची, नुसती खरखर उरायची. असा ऊर फुटेस्तोवर राबून शेवटी तो आतून शॉर्ट झाला आणि मरता मरता सबवूफरची कॉइलही घेऊन गेला. मी कितीदा म्हटलं होतं, त्याला वेगळा अँप्लिफायर लावून देते. पण "त्यानं ठेवलंय तसं राहू दे," हे आईचं ठरलेलं. त्या खोलीतली धूळसुद्धा ती पुसून परत जागेवर ठेवते, असं आम्ही हसण्यावारी न्यायचो. हसायचो, पण आत जायला मीही टाळायचे.

या वेळी तिला पर्याय नव्हता. मी नवी कॉइल बसवली. सबवूफरला त्याच्या भुकेइतका आणि वर थोडा दम शिल्लक राहील असा स्वतंत्र अँप्लिफायर दिला, भोंग्यांना छोटा पुरे झाला. दोघांचा आवाज मीटर लावून एका पातळीवर आणला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर रेकॉर्डिंग लावलं.

ठमे, मला वाटायचं ते वाजवणं मला पाठ आहे. सुरुवातीला जरा वेळ नुसती शांतता आहे, आठवतं? ती या वेळी शांत नव्हती. सबवूफरचा पडदा आत-बाहेर होऊ लागला, श्वास घेतल्यासारखा. कानाला फारसं काही नाही, पण पायाखालची फळी कळत होती. धप्प, मग हलकं. धप्प, मग हलकं. खिडकीची काच थरथरली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज: "अहो, जेवून उठलात की लगेच काय फेऱ्या मारताय? बसा की एका जागी!"

मी खिडकीतून पाहिलं. बाबा बाहेर पायरीवर बसले होते.

आई ओल्या हातांनीच दारात आली. तिनंही त्यांना बाहेर पाहिलं, मग त्या पेटीकडे पाहिलं, आणि भिंतीला टेकली. कारखान्यात डावा पाय यंत्रात सापडल्यापासून बाबा जसे चालतात तसं दुसरं कुणी चालत नाही. दादानं माइकचा स्टँड थेट लाकडी जमिनीवर ठेवला असणार; पावलांचे हादरे त्यातून वर चढले आणि इतकी वर्षं तिथेच पडून राहिले. तो उपाशी सबवूफर ते कधी उच्चारूच शकला नाही.

पावलं खोलीच्या मध्यावर येऊन थांबली. मग दादानं वाजवायला सुरुवात केली. पूर्ण वाजवलं. शेवटचा सूर विरल्यावर, पुढे अजून काही आहे का म्हणून मी आवाज खूप वाढवला. पूर्वी एवढा वाढवला की फाटायचा, आता फाटला नाही. माइकपासून लांब, अगदी पुसट, दादा म्हणाला, "बसा ना, बाबा." पावलं दाराकडे गेली.

मी वळून पाहिलं तर बाबा खरोखरच दारात उभे होते. कधी आले, कळलंच नाही. आपणहूनच म्हणाले, "संध्याकाळभर वाजवत होता, बंद कर सांगायला गेलो होतो. सकाळी लवकर निघायचं होतं त्याला. उभाच राहिलो." मग पलंगाच्या कडेला बसून, "बरं वाजवत होता. बसायला हवं होतं मी."

तू त्याच्या मातीच्या दिवशी सगळ्यांदेखत त्यांना म्हणालीस, "तुम्ही त्याला एकदाही ऐकलं नाहीत." ते खाली मान घालून राहिले. आम्हाला वाटलं, बोलायला तोंड नाही. मी रविवारी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "त्याला नाही सांगितलं, आणि मग लोकांना सांगू?"

आणि उठताना मला बजावलं: "ठमीला यातलं काही कळवू नकोस. माझ्यावर रागावून ती सावरली आहे. तो राग काढून घेतलास तर ती पोर कशाला धरून उभी राहील?" मी बरं म्हटलं. शब्द दिला आणि मोडते आहे, कारण तू कशाला धरून उभं राहायचं ते तू ठरवायचं, त्यांनी नाही आणि मीही नाही. घरचा फोन बाबांनी उचलला की तू काही न बोलता ठेवून देतेस. ते त्यानंतरही जरा वेळ तो कानाला लावून उभे असतात, हे तुला माहीत नाही. पुढच्या वेळी ठेवू नकोस. बोलली नाहीस तरी चालेल.

तुझीच,
ताई