हाजीकाकांची कॉफी

२ ऑक्टोबर
इंग्रजीच्या शिकवणीत आज 'कन्स्ट्रेन'पाशी गाडी अडली! माझा साठीचा विद्यार्थी अबू सख्र — औषधांचं दुकान, विधुर, नातवंडं कॅनडात — विचारतो, "बाई, फोर्स आणि कन्स्ट्रेनमध्ये फरक काय?" म्हटलं, फोर्समध्ये कोणीतरी जबरदस्ती करतं. कन्स्ट्रेनमध्ये कोणी हातसुद्धा लावत नाही, पण माणसाला दुसरा मार्गच उरत नाही. "उदाहरण द्या." सुचेना. मिशीत हसला. आगाऊ!

५ ऑक्टोबर
अबू सख्रने माझ्या भावाकडे, मुतलककडे, माझ्यासाठी शब्द टाकला. तो कडाडला — "सेहेचाळिसाव्या वर्षी लग्न? अख्ख्या अजलून गावात हसं होईल. मी जिवंत असेतो नाही!"
मला कोणी विचारलंच नाही. मला हवाय तो. लिहून टाकलं, बरं वाटलं.

६ ऑक्टोबर
मुतलकशी अबोला. जेवण मात्र मीच वाढलं.

१२ ऑक्टोबर
शिकवणीत अबू सख्र कुजबुजला — उद्या गावातले वडीलधारे हाजी दर्वीश चार मंडळी घेऊन येतायत, मागणी घालायला. मुतलकला कळलं तर घराला कुलूप लावून पळेल! मी अबोला सोडला. म्हटलं, "उद्या हाजीकाका येतायत. तुझा शेजाऱ्याशी ऑलिव्हच्या झाडावरून वाद आहे ना, तो मिटवायला येत असतील." तो नुसता "हं" म्हणाला.

१३ ऑक्टोबर
आले! मी दाराआड. हाजीकाकांनी कॉफीचा कप तसाच खाली ठेवला. मागणं मान्य होईस्तोवर पिणार नाहीत. आणि पाहुणा कॉफी न पिता उठला, तर यजमानाला गावात तोंड दाखवायला जागा नाही!
काका तोंड उघडणार, तोच मुतलक — "मागाल ते दिलं, काका. कॉफी घ्या." ऐकून तरी घ्यायचंस, बाबा! काकांनी कप रिकामा केला आणि म्हणाले, "तुझी बहीण, अबू सख्रसाठी."
मुतलकने कपाळावर हात मारला. "शब्द देऊन बसलो! आता काय करणार?"
स्वयंपाकघरात जाऊन मी चक्क नाचले.

१५ ऑक्टोबर
"बाई, सापडलं का उदाहरण?"
"सापडलं. आमच्या दिवाणखान्यात तोंड पाडून बसलंय."

१६ ऑक्टोबर
राहवेना. वहिनीला सांगून टाकलं — झाडाची थाप माझी. ती हसतच सुटली. "अगं वेडे, तो वाद तर ह्यांनी तुझ्या थापेआधीच मिटवला होता. एकदा नाही म्हणून बसले, मग मागे कसे फिरणार? हाजीकाकांना बोलावणं ह्यांनीच धाडलं होतं."