दाराकडची कूस

दादा,

काल संध्याकाळी मी परीक्षा देऊन परतले तेव्हा ओट्यावर चहाचे सतरा उष्टे कप होते आणि बाबांच्या उशाशी दोन डझन केळी होती. जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायच्या तुझ्या तक्त्यावर सहाच्या सहा खुणा होत्या. तरी बाबा डाव्या कुशीवरच होते. सकाळी मीच त्यांना तसं झोपवून गेले होते.

बाबांजवळ पाळीने बसणाऱ्या गावकऱ्यांनी कूस बदलली, यात खोटं नाही. पण उजवीकडे वळवलं की बाबांचं तोंड भिंतीकडे होतं. म्हणून भेटायला कोणी आलं की त्यांना परत दाराकडे वळवायचे. आठवडाभर हेच चाललंय. पाळीला बसलेल्या शेजारच्या आशाबाई मलाच म्हणाल्या, "आल्यागेल्याकडे पाठ करून ठेवाचं का लटारूभाऊले? एवढी शिकली, इतकंबी समजत नाई?"

बाबांची डावी बाजू बधिर आहे. ते हसून म्हणाले, "लोकं मले पाहाले येऊन राह्यले, मी काय भिंत पाहू?"

तू गडचांदूरवरून फोनवर सांगतोस, गाव आहे ना, काळजी कशाला. गाव आहेच. रोज येतं.

आज तू घरी पोचशील तेव्हा मी नसेन, नर्सबाईंना आणायला चामोर्शीला जाते. खाट उलटी फिरवली आहे, आता उजव्या कुशीवरून दार दिसतं. कोणालाही ती परत फिरवू देऊ नकोस. केळी तू खा, बाबांना शुगर आहे.

मंगळवारी डाव्या खुब्यावरची कातडी नुसती लाल होती. आज सकाळी पट्टीने मोजलं. लांबी चार सेंटिमीटर, रुंदी तीन, खोली अर्धा.

दिव्यानी